तांडेलांनी जिंकलेला पावसाळा

मॅच चालू असताना त्यांचा डावा हात कधी मोकळा नसायचा. मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेषेपासून जरा मागे ते उभे राहायचे आणि हात कमरेजवळ असा धरायचे, जणू मुठीत सुकाणूचा दांडा आहे. आमच्या पोरांनी एका बाजूला गर्दी केली की हात हळूच बाहेर जायचा. पोरं फार पुढे धावली की मूठ पोटाशी यायची. आपण असं करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण आम्हा बघणाऱ्यांना होतं. फुटबॉलचा एकही नियम न कळणाऱ्या वाडीतल्या बायका तर चेंडू सोडून त्या हाताकडेच बघायच्या. "मूठ पोटाशी आली गो, आता गोल खातायत," असं कुणीतरी म्हणायचं आणि पुष्कळदा ते खरं व्हायचं.

तोंडाने मात्र ते एकच बोलायचे. "वायच दम धर." संघ हरत असला तरी तेच आणि जिंकत असला तरी तेच. एकदा रेफ्री शिटी तोंडात घालून आमच्या पोरावर धावला, तर त्यालाही ते म्हणाले, "वायच दम धर रे बाबा, पडला तो, मेला नाय." रेफ्रीला हसू आलं आणि शिटी वाजायची राहिली. समोरच्या संघाने यावर केवढा तरी आरडाओरडा केला, आणि माझ्या मते तो बरोबरच होता.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. वाडीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. बोटीचं सुकाणू जो धरतो, जाळं कुठे टाकायचं ते जो ठरवतो आणि माणसं परत आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो तांडेल. आमच्या वाडीत तांडेल अनेक आहेत, पण नुसतं 'तांडेल' म्हटलं की हेच. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांचं घर आमच्या घरापासून दोन घरं सोडून. क्लबच्या मॅच फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे रोजची गाठ.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील मच्छीमारांच्या संघटनेचं काम करायचे. गुलाबी, पिवळ्या कागदांवरचं 'जाहीर निषेध' मी फार लहानपणी वाचायला शिकले. अन्याय दिसला की माझा आवाज चढतो तो तेव्हापासूनच. तांडेल याच्या अगदी उलट. मी तावातावाने काही सांगायला गेले की ते पेजेचं ताट पुढे ओढायचे. "बोल तू, बोल. मी ऐकतोय. पेज थंड व्हायला टाइम हाय."

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर फुटबॉल पावसात खेळतात, हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं. कारण साधं आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि खलाशी रिकामे असतात. वर्षभर पाण्यात असलेल्या या पोरांना जमीन मिळते ती याच दिवसांत. सराव ओहोटीला, ओल्या वाळूवर. भरतीची वेळ बदलेल तशी सरावाचीही बदलायची. आमच्या क्लबाला घड्याळ लागत नव्हतं. पाणी उतरलं की पोरं आपोआप जमायची.

तांडेलांनी फुटबॉल शिकवला असं म्हणता येणार नाही. त्यांनी स्वतः तो कधी धड खेळलाच नव्हता. त्यांनी केलं एवढंच, की पोरांची एक सवय मोडली. आमची पोरं जाळं ओढणारी. जिथे ओढ लागते तिथे सगळ्यांनी धावायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे चेंडू दिसला की पाच जण त्याच्यावर पडायचे आणि बाकी मैदान ओसाड. तांडेल कडेवरून ओरडायचे, "मेल्यांनो, तो बॉल हाय, जाळा नाय! सगळ्यांनी कशाला ओढताय?" ती सवय जायला काही वर्षं गेली. ती गेल्यावर मात्र आमचा संघ सहसा हरला नाही. शेजारपाजारच्या वाड्या आमचं नाव निघालं की कपाळाला हात लावायच्या.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तीन स्पर्धा होत्या आणि आमच्या संघाने तिन्ही कप आणले. एकाच पावसाळ्यात तिन्ही कप एका वाडीत कधी आले नव्हते. त्याच पावसाळ्याबद्दल मला लिहायचं आहे.

पहिला कप लांज्याला. तिथलं मैदान लाल चिखलाचं. वाळूवर पळणारी आमची पोरं पहिला अर्धा वेळ नुसती घसरत होती. हाफटाइमला तांडेलांनी सगळ्यांना बूट काढायला लावले. रेफ्री म्हणाला, बुटांशिवाय खेळता येणार नाही. मग त्यांनी सगळ्यांना बूट परत घालायला लावले आणि शांतपणे सांगितलं, "घाला. चालला असता तर बरा झाला असता." बस, एवढीच युक्ती होती त्यांच्याकडे. तरी आम्ही जिंकलो, कारण आमचा कॅप्टन अनंत थ्रो घ्यायचा तो कॉर्नरपेक्षा लांब जायचा. पाग, म्हणजे हातजाळं, फेकून फेकून कमावलेले खांदे होते ते.

दुसरा कप सावर्ड्याच्या संघाविरुद्ध जिंकला, पण सामना झाला आमच्याकडे, बंदराजवळच्या मैदानावर. त्या दिवशी एक गंमत झाली. आम्ही पुढे होतो. अचानक वारा फिरला आणि किनाऱ्यावर शाकारलेल्या एका बोटीवरची ताडपत्री फडफडत उचलली गेली. आमचे अकराच्या अकरा खेळाडू खेळ सोडून बंदराकडे बघत उभे राहिले. गोलकीपर तर दोन पावलं त्या बाजूला चालूही लागला. सावर्डेकरांनी आरामात चेंडू आत ढकलला. लोक हसून हसून बेजार झाले. हाफटाइमला पोरं माना खाली घालून आली. आता शिव्या पडणार असं सगळ्यांना वाटलं. तांडेल म्हणाले, "मी पन तिकडेच बघत व्हतो. बोट कोनाची ती?" कुणीतरी नाव सांगितलं. "त्येला निरोप द्या. आनि आता आपन इकडे बघूया."

कप आणल्यावर काय करायचं, याची त्यांनी एक रीत घातली होती. शिमग्यात पालखी घरोघरी जाते तसा कप घरोघरी जायचा. मैदानात उतरलेल्यांच्याच घरी नाही, सरावाला आलेल्या प्रत्येकाच्या घरी. बोटीवरही त्यांचं असंच होतं. तापाने घरी पडून राहिलेल्या खलाशाला त्याच्या वाट्याची मासळी फडक्यात बांधून पोचवल्याशिवाय ते स्वतःच्या घरी जात नसत. कप दारात आला की बायका त्याला कुंकू लावायच्या, नारळ ठेवायच्या. एका घरात तर त्याने सुका जवळा मोजला गेला. तो वास पुढे तीन घरं टिकला. मी चिडून म्हटलं, "काका, अहो कप आहे तो, मापटं नाही." ते म्हणाले, "रिकामा ठेवून काय करू? वाजतो नुसता."

अशा माणसांकडे बघून आपण हसतो, कौतुक करतो आणि घरी जातो. तुम्हीही असे कुणी पाहिले असतील. त्यांच्या अशा रीतींची किंमत असते आणि कधीतरी ती कुणीतरी मागायला येतं, हे आपल्या लक्षात येत नाही.

दोन कप आल्यावर शेठ आले. तांडेल ज्या बोटीचं सुकाणू धरायचे ती शेठची. संघातली निम्म्याहून जास्त पोरं शेठच्याच बोटींवर खलाशी. संघाच्या जर्सी आणि बूट त्यांनीच दिलेले. तोवर ते मैदानावर कधी फिरकले नव्हते. पण आता तिसऱ्या कपाची हवा झाली होती आणि निवडणुकीचीही. सरावाच्या वेळी त्यांची गाडी वाळूच्या कडेला थांबली. बूट खराब होऊ नयेत म्हणून ते गाडीजवळच उभे राहिले आणि तांडेलांना हाक मारली. पोरं आणि मी थोड्या अंतरावर होतो. शेठ हळू बोलणारे नव्हते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"तांडेल, मुंबईहून तीन खेळाडू येतायत. तिकडे मोठ्या क्लबात खेळतात. त्यांची सगळी सोय मी केली आहे. फायनलला उतरवा."

"आनि बसवू कोनाला?"

"ते तुम्ही ठरवा. तो महेश तर आहेच. पळतो की रुततो तेच कळत नाही."

"रुततो खरा."

"मग?"

"मंग काय. रुतत रुतत दोन कप आनले त्येनी."

महेश आमच्यातच उभा होता. उजव्या बाजूचा बॅक. आई जाळी विणते, वडील नाहीत. खेळाडू म्हणून तो बेताचाच, हे मीही मान्य करते. पण ओहोटी उतरली की वाळूवर पहिली पावलं त्याची असायची. तो खाली बघून पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागला.

शेठ म्हणाले, "समोर मुरुडचा संघ आहे. तीही पोरं वाळूवरच खेळणारी. गंमत नाही. हरलो तर?"

"हरलो तर हरलो. मुरुडवाले काय परके हायत?"

"तांडेल, जर्सी मी दिल्या, बूट मी दिले."

"दिलात. पोरं पाया पडली तुमच्या."

"बोट माझी आहे, हे लक्षात असू द्या."

"बोट तुमचीच. मी कंदी नाय बोललो काय?"

"मग संघ कुणाचा?"

तांडेलांनी जरा विचार केला. मग अगदी सरळपणे विचारलं, "तुम्ही कुठच्या जागेवर खेळता, शेठ?"

त्यांना खरंच टोमणा मारायचा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण मागे उभी असलेली पोरं खो खो हसली. शेठनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, गाडीत बसले आणि निघून गेले. तांडेल परत आले ते वैतागूनच. "हसायला काय झाला रे? मानूस बोलतोय, आनि तुम्ही दात काढताय."

त्या रात्रीनंतर वाडीत एकच बोलणं. तांडेलांची बोट जाणार. नव्या हंगामाला शेठ दुसरा तांडेल ठेवणार. पन्नाशी कधीच उलटलेल्या माणसाला दुसरी बोट कोण देणार? लोक समजवायला आले. एक मॅच तर आहे, बसवा महेशला, त्याची आईही काही बोलणार नाही. खरंच ती बोलणार नव्हती. ती स्वतः येऊन म्हणाली, "भाऊ, माज्या पोरासाठी तुमचा घर नको उन्हात."

तांडेल म्हणाले, "तुज्या पोरासाठी नाय गो. पावसाळाभर ह्या संघाचा जाळा ओढला त्येनी. आता वाटा घ्यायच्या येळेला त्येला खाली उतरवू काय?"

काकी, म्हणजे त्यांची बायको, बाजारात मासळी विकते आणि बंदीच्या दिवसांत सुकी मासळी घेऊन बसते. ती आतून ओरडली, "उतरवू नका! तुम्हीच उतरा! आयुष्यभर दुसऱ्याची मानसं वाहून आनलात, आता घरातलीला न्या कुठेतरी फिरायला!" यावर सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला.

फायनल दुपारची होती. पाऊस थांबलेला, मैदान चिखलाने लाल. शेठ मांडवात खुर्चीवर होते. मुंबईची तीन पोरं आली होती. नवी जर्सी घालून मांडवाशेजारी बसली होती. त्यांचा काही दोष नव्हता. बोलावलं म्हणून आली बिचारी. आमचा संघ उतरला तो दोन कप जिंकलेलाच, महेशसकट.

आणि पहिल्याच भागात महेशच्या पायातून चेंडू सुटला. मुरुडचा पोरगा तो घेऊन सरळ पुढे गेला आणि गोल. मग मांडवातून शेठचा आवाज आला, "काढा त्याला!" आणि बघता बघता आमच्याच वाडीतले लोक ओरडू लागले, "काढा! तांडेल, काढा त्याला!" मी ओरडले नाही. पण मनात क्षणभर तेच आलं. तत्त्वाच्या बाजूने उभं राहणं घरात बसून सोपं असतं. आपला संघ गोलने मागे असताना चिखलात उभं राहून बघा.

तांडेलांचा हात तसाच कमरेजवळ. ते मांडवाकडे वळले नाहीत.

हाफटाइमला महेश त्यांच्याकडे आला तोच जर्सी काढत. ओली जर्सी त्यांच्यापुढे धरून म्हणाला, "मी बसतो काका."

"घाल ती. गारठशील."

"माझ्यामुळे गोल गेला."

"गेला," तांडेल म्हणाले. "तुज्यामुळेच गेला. आता दुसरा जाऊ देऊ नको."

महेश तसाच उभा. अनंतने जर्सी त्याच्या हातून घेतली आणि महेशच्या डोक्यातून घातली, लहान पोराला घालतात तशी. एक बाही उलटी राहिली ती तशीच.

पुढे महेशने चमत्कार केला असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. तो आपल्या जागेवर उभा राहिला आणि समोर येईल तो चेंडू जिवाच्या आकांताने बाहेर मारत राहिला. एकदा तर चेंडू मांडवात गेला आणि चहाचं तबक उडालं. शेठचा पांढरा शर्ट चहाने भरला. बायकांनी त्यावर गोलपेक्षा मोठा आवाज केला. आमचे दोन्ही गोल अनंतच्या थ्रोवर झाले. पहिला एकाच्या डोक्याला लागून, दुसरा चिखलातल्या झटापटीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून. कुणाच्या, यावर अजून वाद आहे. शिटी वाजली आणि तिसरा कप आमचा झाला.

बक्षीस घेतानाच्या फोटोत कप शेठच्या हातात आहे. शेजारी मुंबईची तीन पोरं, कोरड्या जर्सीत. महेश शोधूनही सापडत नाही. तोच फोटो मोठा करून नाक्यावर लागला. मी तांडेलांना हात धरून तिथे नेलं. "बघा काका. खेळलं कोण आणि फोटोत कोण!" त्यांनी तो नीट बघितला. "कप चांगला दिसतोय," म्हणाले.

तो कप त्यांनी सगळ्यांत आधी महेशच्या घरी पाठवला. त्याची आई विणकामाची सुई खाली ठेवून कपाकडे बघत राहिली आणि मग विचारती झाली, "ह्याच्यात पानी प्यायचा, की नुसता बघायचा?"

नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली तेव्हा शेठनी तांडेलांना बोलावून घेतलं. रागावले नाहीत. चहा दिला, तब्येतीची चौकशी केली. तुम्ही फार कष्ट केलेत, आता आराम करा, असं म्हणाले. मला या गोडव्याचाच जास्त राग येतो. माणसाच्या हातून काम काढून घ्यायचं आणि वर त्याच्या आरामाची काळजी करायची. शिवी दिली असती तर निदान शिवीला उत्तर देता आलं असतं.

बोट शेठनी अनंतला दिली.

अनंत संध्याकाळी तांडेलांच्या पडवीत आला. मी तिथेच होते. तो बसेना.

"काका, शेठनी मला बोट घे म्हणून सांगितलंय."

"मंग घे."

"मी नाय घेनार. पोरं पन चढनार नायत. सगळ्यांनी ठरवलंय."

मी म्हटलं, "बरोबर आहे! सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं तर शेठ काय करेल? एकटा जाईल समुद्रात?" माझा आवाज चढला होता. अनंतही माझ्या बाजूने मान हलवत होता.

तांडेल आम्हा दोघांकडे बघत राहिले. "आनि खानार काय पोरं? कप?"

"बघू काहीतरी."

"मोठा बघनारा. शेठ दुसरीकडून खलाशी आनेल आनि तुम्ही नाक्यावर फोटो बघत बसाल. बोट घे."

"मला लाज वाटते काका."

"वाटू दे. ती घेऊन चढ बोटीत." मग त्यांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. "आता ऐक. इंजिन थंड असताना ती डाव्या अंगाला वढते. घाबरू नको, गरम झाल्यावर सरळ होते. खाडीच्या तोंडाशी खडकाला वायच लांबून घे, पानी दिसता त्याच्यापेक्षा उथळ हाय. पंपाचा आवाज बारीक झाला की कचरा अडकलाय समज..."

ते सांगत राहिले. त्या बोटीचं दुखणंखुपणं, खोड्या, कुठली फळी कुरकुरते आणि त्यातली कुठली कुरकुर खोटी. सासरी निघालेल्या पोरीची माहिती द्यावी तसे ते बोलत होते आणि अनंत मान खाली घालून ऐकत होता. काकी कंदील लावायला आली आणि न लावताच आत गेली. दिवे गेले नव्हते. बाहेर यायला तिला काहीतरी निमित्त हवं होतं, एवढंच.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. सगळं लिहिलं. संघ कुणाचा, कप कुणाचा, आणि पोराला खेळवल्याची शिक्षा कुणाला. दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगला लिवलायस. बापाची आठवन आली."

"मग वाटते उद्यापासून."

"माजा नाव काढ त्यातून."

"तुमचं नाव काढलं तर उरतं काय?"

"मंग नको वाटू."

"का पण? खोटं आहे का यात काही?"

"खोटा नाय. पन ता वाचून पोरं बोटीवरनं उतरतील. महेश पन चढनार हाय अनंतबरोबर. पयल्यांदा चढनार तो बोटीवर, गो."

मी भांडले. माझं मत आजही तेच आहे की ते पत्रक वाटायला हवं होतं. एकेकाने सोसत राहिल्यानेच शेठ लोकांचं फावतं. पण सोसणारा माणूस समोर बसून नको म्हणत असेल, तर त्याच्या नावाने लढण्याचा हक्क मला कुणी दिलेला नाही, हेही मी तेव्हाच समजून घेतलं. कागद घरी आहे.

बोटी पाण्यात लोटायच्या दिवशी ते आले. आमच्याकडे बोट कुणाचीही असो, लोटायला सगळी वाडी लागते. तेही लागले. 'हैसा'चा आवाज त्यांचाच सगळ्यांत मोठा होता. बोट पाण्याला लागल्यावर अनंतने समुद्राला अर्पण करायचा नारळ त्यांच्यापुढे धरला. दरवर्षी तो त्यांच्याच हातून जायचा. त्यांनी हात मागे घेतला. "तू सोड. तू चाललायस." अनंतने तो सोडला. लाटेने तो एकदा परत आणला, मग नेला.

त्यानंतर काही दिवसांतच ते देवगडला गेले. तिथल्या एका बोटीवर खलाशी म्हणून. तांडेल म्हणून त्यांना कुणी घेतलं नाही. पुढे काकीही गेली. या पावसाळ्यातही दोघं आली नाहीत. तिकडे जाळ्यांचं काम मिळतं म्हणे. घराला कुलूप आहे.

गेल्या महिन्यात मी कामासाठी देवगडला गेले होते. बंदरावर विचारत विचारत पोचले. ते एका बोटीजवळ चार खलाशांबरोबर जाळी भरत होते. वाळलेत. मला बघून एकदम उभे राहिले. "गो बाय! तू हयसर कशी?" मग काकीच्या चौकश्या मी केल्या, वाडीतल्यांच्या त्यांनी. शेवटी जे विचारायचं होतं ते विचारलं.

"औंदाचा कप?"

"आपलाच. तिन्ही आपलेच."

"तर! अनंत हाय." त्यांचा चेहरा उजळला.

"कप शेठच्या ऑफिसात आहेत काका. काचेच्या कपाटात. कुणाच्या घरी गेले नाहीत. आणि महेश सगळ्या मॅच बाहेर बसून होता. त्याच्या जागी मुंबईचा."

त्यांचे हात जाळ्यावर थांबले. म्हणाले, "गेल्या साली फायनल खेळला ना तो?"

"खेळला."

"पुरी खेळला?"

"पुरी. तुम्ही काढलंत कुठे?"

"मंग झाला."

"काय झालं काका?" माझा आवाज चढलाच. "तुमची बोट गेली, त्याची जागा गेली, आणि तुम्ही म्हणता झालं?"

तेवढ्यात बोटीवरून त्यांचा तांडेल ओरडला. अनंतच्याच वयाचा असेल. "ओ म्हातारबा! गप्पा नंतर, दोर सोडा!"

मी गर्रकन वळले. हा माणूस कोण आहे ते त्या पोराला मी सांगणारच होते. तोंडही उघडलं होतं. तांडेलांनी माझ्या दंडाला धरलं. "गप गो. बरोबर बोलतोय तो. पानी उतरतंय." आणि ते पटकन गेले, वाकून दोर सोडला, बोट हलायच्या आत तिच्यावर चढले. पुढे जागा होती तरी मागे गेले, नव्या खलाशाची असते त्या जागी.

बोट खाडीच्या तोंडाशी डोलली तेव्हा बाकीचे सगळे पुढे बघत होते. ते खाली बसून ओला दोर गुंडाळत होते.